बिनहजेरीचा नाथा

शकूला गांगलांकडून एकच गोष्ट हवी होती, आणि तो पैसा नव्हता. सलिल गांगलने चार लोकांत उभं राहून, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, की नाथा आमच्या कारखान्यात कामाला होता. बस्स. या एका वाक्यासाठी ती वीस वर्षं दात धरून बसली होती. लोकांचे राग वर्षा-दोन वर्षांत निवतात. कुणाच्या लग्नात समोरासमोर आले की माणसं हसतात, विचारपूस करतात, मोकळी होतात. शकूचा राग त्या जातीचा नव्हता. मोहन्यातल्या आपल्या घरात ती रोज सकाळी देवापुढे दिवा लावायची, सलिल गांगलचं वाटोळं होऊ दे असं शांतपणे म्हणायची आणि मग चहाचं आधण ठेवायची.

गांगलांची धान्येश्वरी चक्की एके काळी मुरबाडपासून डहाणूपर्यंत गावोगावच्या गिरण्यांत घुमायची. भाऊ गांगलांनी चौसष्ट साली शहाडला, उल्हास नदीच्या अंगाला, पत्र्याची शेड टाकून कारखाना सुरू केला. आधी मिरची कांडायची यंत्रं, मग पिठाच्या चक्क्या. माणूस हुशार, गोड बोलणारा आणि हाताला काळं लागायची लाज न बाळगणारा. ठाण्याच्या नौपाड्यातला ब्राह्मण, पण आगऱ्यांच्या ओटीवर बसून सुकटीच्या वासात चहा प्यायचा, नाकाला रुमाल लावायचा नाही. गावाने त्याला डोक्यावर घेतला तो उगाच नाही.

शकूचा नवरा नाथा शहात्तर साली भाऊंकडे लागला. नाथाच्या घरची खाडीलगतची शेती कारखान्यांच्या पाण्याने केव्हाच नासली होती. नाथाचं काम दगडाचं. चक्कीच्या दोन्ही दगडांवर छिन्नी-हातोडीने बारीक चर पाडायचे, मधोमध खोल आणि कडेला येताना उथळ. याला टाकी मारणं किंवा दगड टाकणं म्हणतात. टाकी चुकली की दगड नुसता घासतो, पीठ तापतं, आणि तापलेल्या पिठाला चिकटपणा राहत नाही. बाकी सगळी चक्की कुणीही बनवेल, लोखंड म्हणजे लोखंड. धान्येश्वरीचं नाव झालं ते नाथाच्या हातामुळे, आणि हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं.

कारखान्याची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या कारखान्यात नसेल. चक्की तयार झाली की तिच्यावर तांदूळ दळायचा आणि त्या पिठाची भाकरी करायची. भाकरी थापायला शकू. फुटली कडेला, की चक्की परत आत. मग गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभं का असेना, शकूने मान हलवली की भाऊंची छाती नव्हती यंत्र बाहेर काढायची. आणि भाकरी थापण्याआधी शकूने मोठ्याने विचारायचं, "टाकी कोनाची?" मालकाने दगड टाकणाऱ्याचं नाव घ्यायचं, तेही मोठ्याने. नाव घेतल्याशिवाय भाकरी तव्यावर पडायची नाही. चांगलं झालं तर कौतुक कुणाचं आणि बिघडलं तर कान कुणाचे उपटायचे, हे सगळ्यांसमोर ठरायचं. नाव घेऊन झालं की पहिला घास मालकाचा. तो घास म्हणजे त्या कारागिराचं काम मालकाने पत्करलं.

बावीस वर्षं शकूने भाकऱ्या थापल्या. नाथाने पंचवीस वर्षं दगड टाकले. आणि हजेरीपटावर दोघांचंही नाव नव्हतं.

इथेच ती दोघं फसली, आणि फसली ती हौसेने. इतर कामगार सकाळी फाटकावर हजेरी लावायचे. नाथा पहिल्या दिवशी रांगेत उभा राहिला, तर भाऊंनी त्याला दंड धरून बाहेर काढलं. "अरे, घरच्या माणसाची हजेरी कोण लावतं?" असं म्हणाले. नाथाची छाती त्या दिवशी जी फुगली ती कायमची. पुढे दर महिन्याला भाऊ स्वतः पाकीट हातात द्यायचे, दिवाळीला शकूला साडी, लेक रुपालीच्या बारशाला चांदीचे वाळे. युनियनवाल्यांनी दोनदा सांगितलं, नाथा, नाव घालून घे. त्याने त्यांना वाटेला लावलं. परक्यांची नावं कागदावर असतात, आपण घरचे, असं तो बाजारात उभं राहून सांगायचा. शकूही सांगायची. आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

दोन हजार एक साली नाथा खोकून खोकून बसला. डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले, छातीत दगडाची पूड आहे. तोवर कारभार भाऊंच्या मुलाकडे, सलिलकडे, आला होता आणि कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत गेला होता. सलिल म्हणाला, विडीने झालंय. नाथाने जन्मात विडी ओढली नव्हती. शेवटी युनियनच्याच एका वकिलाने खटला घातला, आणि दोन हजार चार साली कामगार न्यायालयात सलिलने शपथ घेऊन सांगितलं, "नाथा नावाचा कोणीही इसम आमच्याकडे कधीही कामाला नव्हता." हजेरीपट समोर ठेवले. पंचवीस वर्षांचे, स्वच्छ. नाथा बाकावर बसून ऐकत होता. उठून बोलायला गेला तर खोकल्याने त्याला दुमडून खाली बसवलं, आणि त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. दीड महिन्यात तो गेला. शेवटपर्यंत तो एकच बडबडत होता, "मंग मी व्हतो कोन?"

भाऊंना मात्र शकूने कधी दोष दिला नाही. भाऊ देवमाणूस, मुलगा हरामखोर निघाला, असं तिने स्वतःला सांगितलं होतं आणि ते तिला पुरत होतं.

यंदाच्या भाद्रपदात दारात एक गाडी थांबली. तिशीचा एक चष्मेवाला तरुण वाकून पाया पडला.

"शकूआजी ना? मी स्वानंद. भाऊ गांगलांचा नातू, सलिलचा मुलगा."

शकूची लेक रुपाली पालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, नुकतीच ड्युटीवरून आली होती. नाव ऐकताच तिचा चेहरा उतरला. शकूचा उतरला नाही. तिने पाट मांडला, पाणी दिलं.

पोरगं भाबडं होतं. बाहेर शिकून आलेलं, बापाने काय दिवे लावले होते याचा त्याला पत्ता नव्हता. कारखान्याला साठ वर्षं होतात, त्याने सांगितलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, त्याच दिवशी कार्यक्रम. आजकाल लोकांना पुन्हा दगडी चक्कीचं पीठ हवंय, म्हणून घरगुती धान्येश्वरी नव्याने काढतोय.

"आजोबा लहानपणी मला तुमच्या भाकरीची स्टोरी सांगायचे. म्हटलं, जगात अशी टेस्ट कुणाकडेच नाहीये यार! सगळे डीलर येणार आहेत, व्हिडिओवाले येणार आहेत. तुम्ही एकदा, फक्त एकदा, भाकरी थापायची."

"चक्कीला दगर कनचा लावलाव?" शकूने विचारलं.

त्याने मोबाईल काढला. गोदामात एक जोडी सापडली होती, टाकी मारून ठेवलेली आणि कधीच न वापरलेली. "आमचा फोरमन म्हणतो, असं काम आज कुणाला जमणार नाही."

शकूने फोटो मोठा करायला लावला. दगडाच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भोकापाशी, तीन आखूड चर होते, शेजारी शेजारी. कामाला त्यांचा उपयोग शून्य. नाथा आपल्या प्रत्येक दगडावर ते मारायचा. का, म्हणून विचारलं तर नुसता हसायचा. दोन हजार एक सालची ही शेवटची जोडी, हिच्यावर तो खोकत खोकत बसायचा ते शकूने पाहिलं होतं. आवाज तिने हलू दिला नाही.

"हीच लाव," ती म्हणाली. "येन मी. पन भाऊंचे वख्ताला व्हती तशीच पद्धत पायजे. मी इचारनार टाकी कोनाची. नातवाने नाय, मालकाने सांगाचा. सांगशील तुझे बापाला?"

"अरे, तेच तर हवंय! ते तर बेस्ट होईल!" पोरगं उड्या मारायचं तेवढं बाकी राहिलं.

तो गेल्यावर रुपाली तडकली. "आई, तुला काय झालंय? त्यांच्या अंगणात जाऊन भाकऱ्या थापणार तू? बाबांना त्यांनी..."

"गप बस. तुझा मोबाईल चांगला हाय ना? त्या दिवशी पुरा भरून आन."

रुपालीला उलगडायला थोडा वेळ लागला. उलगडलं तेव्हा ती आईकडे बघतच राहिली.

दोन दिवसांनी सलिलचा फोन आला. पत्रिका छापून गेल्या होत्या, त्यांवर शकूबाईंच्या भाकरीचा मान ठळक अक्षरांत होता, त्यामुळे त्याचं घोडं अडलं होतं. आवाज म्हातारा झाला होता.

"शकूबाई, जुनं काही मनात ठेवू नका. झालं गेलं गंगेला मिळालं."

"इसरले शेठ," शकू म्हणाली. "माजे वयाला काय ध्यानात ऱ्हातंय?"

तो हलका झालेला तिला ऐकू आला. फोन ठेवून ती पोटभर जेवली. कितीतरी वर्षांनी तिला तेव्हा अन्न गोड लागलं.

खंडेनवमीला कारखान्याच्या आवारात मांडव पडला होता. झेंडूच्या माळा, अत्तर, खुर्च्यांवर दोनशे माणसं. डीलर मंडळी संध्याकाळी ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जायचं ठरवत होती. एका भिंतीवर कारखान्याचा साठ वर्षांचा इतिहास लावला होता, मोठमोठ्या फोटोंचा. शकू तो सावकाश वाचत गेली. भाऊ मंत्र्यांसोबत, भाऊ पहिल्या चक्कीसोबत, सलिल कुठल्या तरी ढालीसोबत, कारखान्यातलं मांजरसुद्धा होतं. नाथा कुठेच नव्हता. तिला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, मनात दया येण्याची जी थोडी धास्ती होती तीही गेली.

व्यासपीठावर नवी चक्की, बाजूला शेगडी, तवा, परात. मागे भाऊंचा हार घातलेला फोटो. स्वानंदने माईकवर पद्धत समजावून सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चक्की सुरू झाली. दगड फिरायला लागले तसा तो आवाज शकूच्या अंगात भिनला. भरलेला, एकसारखा, कुठेही खडखड नाही. तिने खाली पडणाऱ्या पिठात बोटं घातली. पीठ गार होतं. तेवीस वर्षं गोदामात पडलेला दगड, आणि पीठ गार.

तिने उकळत्या पाण्यात पीठ घातलं, झाकण ठेवलं, वाफ आली तसं परातीत काढून मळलं. गोळा तळहातावर घेतला. भाकरी बिघडवणं तिच्या हातात होतं, पाणी थोडं गार घेतलं असतं तरी कड फुटली असती आणि दोनशे माणसांसमोर गांगलांची अब्रू गेली असती. तो विचार तिने आठवडाभर चाखून बघितला होता. पण दगड नाथाचा होता. त्याच्या कामाला ती डाग लावणार नव्हती.

"टाकी कोनाची?"

माईक जवळ होता. आवाज मांडवभर गेला.

सलिल पुढे आला. रेशमी झब्बा, कपाळाला गंध, हसरा. "आमच्या सर्व कुशल कारागिरांची!"

टाळ्या पडल्या. शकू हलली नाही. टाळ्या संपेपर्यंत थांबली.

"सर्वांनी मिलून येकच दगर टाकला? बोलवा त्यांना. हात बगते येकेकाचा."

लोक हसले. स्वानंदही हसला. "बाबा, नाव घ्यायचं असतं. एकाचंच."

सलिलने दगडाकडे पाहिलं. चक्कीची पुढची झडप लोकांना आतलं दिसावं म्हणून काचेची केली होती. स्वानंदने बटण बंद केलं तसा दगड मंदावत थांबला, आणि मधल्या भोकापाशी ते तीन आखूड चर उभे राहिले. सलिलने ते ओळखले. लहानपणापासून त्याने ते शेकडो दगडांवर पाहिले होते. त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेला.

"जुनी जोडी आहे," तो म्हणाला. "आता कोण सांगणार..."

"भाऊ बोलायचं, टाकीला नाव नाय तं दगर फेकून द्या. फेकाचा का?" शकूने गोळा परातीत ठेवला. "मी जाते मंग."

रुपाली पहिल्या रांगेत मोबाईल धरून उभी होती, शेजारी व्हिडिओवाल्यांचे दोन कॅमेरे होते. स्वानंद गोंधळून बापाकडे बघत होता. सलिलच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं.

"नाथा," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"नाथाची टाकी."

"कोन नाथा? कुठं व्हता कामाला?"

"इथे." त्याने माईक धरला, बहुधा आधारासाठी. "आमच्याकडे. पंचवीस वर्षं."

झालं. वीस वर्षांचं वाक्य शकूच्या कानांवर पडलं आणि तिला वाटलं होतं तसं रडू आलं नाही. तिला आणखी हवं होतं. माणूस एकदा तावडीत सापडला की सोडवत नाही.

"मंग कोडतात काय बोललाव शेठ? शप्पत घेऊन?"

सलिलने मुलाकडे पाहिलं. मग मागे वळून फोटोकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच आलं. शकूने ते लगेच ओळखलं, कारण रोज सकाळी आरशात ती तेच बघत होती. हाही कुणावर तरी वर्षानुवर्षं दात धरून होता.

"खोटं बोललो," तो म्हणाला. "नाथा नावाचा कोणीही इसम आमच्याकडे कधीही कामाला नव्हता. हे वाक्य माझं नव्हतं, शकूबाई. भाऊंनी लिहून दिलं होतं. मला म्हणाले, पाठ कर. आदल्या दिवशी समोर उभं करून तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. मी म्हटलं, अहो, नाथाने मला खांद्यावर घेऊन शेडभर फिरवलंय. तर म्हणाले, हजेरीपटावर त्याचं नाव मी पंचवीस वर्षं कशासाठी ठेवलं नाही, असं तुला वाटतं?"



शकूला खटल्याच्या आदल्या आठवड्यातले भाऊ आठवले. मोसंबी घेऊन मोहन्याला आले होते, नाथाच्या उशाशी बसले होते, डोळ्यांना पाणी होतं. त्याचा हात हातात घेऊन पुन्हा पुन्हा विचारत होते, "बोलता येतंय का रे तुला? चार वाक्यं सलग येतात का?" नाथाने बोलून दाखवलं होतं, दोन वाक्यांतच त्याला धाप लागली होती. भाऊंनी मान हलवली, पाठीवरून हात फिरवला आणि गेले. केवढी माया, असं शकू तेव्हा शेजारणीला म्हणाली होती.

बघायलाच आला होता तो. नाथा साक्षीला उभा राहून बोलू शकेल का, हे बघायला.

तिने परातीतला गोळा उचलला. हात पाण्यात बुडवले आणि भाकरी थापायला घेतली, दोन तळहातांवर नाचवत, जशी बावीस वर्षं थापली होती तशी. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. भाकरी टम्म फुगली. पातळ, पांढरी, कडेला केसाएवढीसुद्धा चीर नाही. शेवटच्या रांगेतला एक म्हातारा गिरणीवाला उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले, ते यंत्राला की आणखी कुणाला, कळलं नाही.

स्वानंदचा चेहरा पांढराफटक पडला होता. कार्यक्रमपत्रिकेत पुढे लिहिलं होतं तेवढंच त्याला सुचलं. त्याने भाकरी चांदीच्या ताटात घेतली आणि नैवेद्य दाखवायला भाऊंच्या फोटोकडे वळला.

"बाला, ती इकरं आन."

"आजी, पहिला नैवेद्य..."

"त्याला नाय."

तिने ताटातली भाकरी उचलली. गरम होती, बोटं पोळली. व्यासपीठाच्या मधोमध, फोटोकडे पाठ करून, तिने पहिला तुकडा मोडला आणि खाल्ला. मग दुसरा. कोरडीच, काही लावायला नव्हतं. दोनशे माणसं बघत होती आणि ती घाई न करता चावत होती. अशी भाकर तिने जन्मात खाल्ली नव्हती. हिच्या पिठाचा दगड टाकणारा माणूस होता, गांगलांकडे होता, पंचवीस वर्षं होता, आणि आता ते सगळ्यांनी ऐकलं होतं. भाऊंचा फोटो उद्या या मंडळींना उतरवावा लागेल, नातू बापाशी बोलणार नाही, बाप रात्रीचा झोपणार नाही. तिला एकाचंही वाईट वाटलं नाही.

भाकरी निम्मी झाली तेव्हा सलिल तिच्यासमोर येऊन उभा राहिला. माईक त्याने खाली ठेवला होता. डोळे लाल झाले होते.

"शकूबाई," तो हात पुढे करून म्हणाला, "एक घास द्या. पद्धत आहे. मालकाने खाल्ल्याशिवाय नाथाचं काम पत्करल्यासारखं होत नाही."

शकूने त्याच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. मऊ, गोरा हात, त्यावर एक घट्टा नव्हता. हा माणूस खरंच मागत होता, हे तिला कळत होतं. तो घास मिळाला तर त्याला झोप लागेल, हेही कळत होतं.

"नाय," ती म्हणाली, आणि उरलेली भाकर एकटीने संपवली.